निखाऱ्यावरचा पहिला तुकडा

वादळात वहिनींच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या आणि जिथे कधी ऊन पोचत नव्हतं तिथे ऊन पडायला लागलं. नवी पोफळ उत्पन्नाला यायला वर्षं जातात, म्हणून वहिनींनी त्या मोकळ्या जागेत पपया लावल्या. पपईला धीर नसतो. ती वर्षाच्या आत धरते. खोडाला चिकटून हिरवी फळं एकावर एक लगडतात आणि नुसतं नख लागलं तरी पांढरा चीक ओघळतो. गेल्या हिवाळ्यात मला त्या झाडांकडे बघवत नसे. वाडीत शिरले की मान खाली घालून मी विहिरीच्या बाजूने जायची.

वहिनी म्हणजे मी ज्यांच्याकडे कामाला जात होते त्या. दिवेआगरला समुद्राच्या अंगाला त्यांचं घर, मागे वाडी आणि वाडीत पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या. त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. पण पाहुण्यांना मासे-मटण लागतं आणि वादळानंतर नुसत्या मोदकांवर त्यांचं भागेना. तेव्हा त्यांनी वाडीच्या टोकाला पत्र्याची शेड घातली, भांडी वेगळी केली आणि आमच्या कोळीवाड्यातून मला बोलावून घेतलं. आधी मी फक्त मासळी करायची. मग पाहुणे विचारू लागले, कोळशावर भाजलेलं मटण मिळेल का. वहिनींनी लोखंडी शेगडी आणि जाळी करून आणली.

मासळीचं मला कळतं. ती मुळातच मऊ असते, उलट मोडू नये म्हणून तिला जपावं लागतं. मटण आमच्याकडे होळीला आणि देवीच्या जत्रेला, तेही रश्श्याचं. रश्श्यात जून बोकडसुद्धा उकळून उकळून शेवटी शरण येतो. निखाऱ्यावर तसं नसतं. तिथे जे निबर आहे ते आणखी निबर होतं.

मटण बोर्लीच्या बाजारातून यायचं. खाटिक म्हातारा मुसलमान, सगळे त्याला चाचा म्हणत, मीही. कोवळा माल मोठी हॉटेलं सकाळीच उचलून नेत. आमच्या वाट्याला खांद्याचा फरा, मान आणि मांडीचा खालचा, शिरांचा भाग. चाचा खोटं बोलत नसे. पहिल्याच दिवशी म्हणाला, “बाय, ही बकरी चार येळा व्यालेली हाय. दात बघ, झिजलेले. भाजायला देत न्हवतो मी, पन तुझ्या मालकिनीला सस्ता पायजे.”

त्या शनिवारी एक पाहुणा तुकडा दातात धरून ओढत बसला होता. शेवटी त्याने तो ताटात टाकला आणि मला हाक मारली, “मावशी, बोकड होता का त्याचा आजोबा?”

आजोबा नाही, आजी, असं माझ्या मनात आलं. पण पाहुण्यांसमोर मी बोलत नाही. पाहुण्यांसमोर कशाला, मी तशी कुठेच फार बोलत नाही.

वहिनींच्या बहिणीने फोनवर उपाय सांगितला, कच्ची पपई वाटून लाव. आम्ही आदल्या संध्याकाळीच लावून ठेवली. सकाळी पातेल्याचं झाकण काढलं तर वरून तुकडे दिसत होते, पण बोट लावलं की आत जायचं. चीक मटण खात होता, रात्रभर. जाळीवर टाकल्यावर ते सळयांमधून गळून निखाऱ्यात पडलं. नुसतं पीठ.

मग हळूहळू हात बसला. मटण आधी उजेडात धरून बघायचं. त्यात धागे असतात, एकाच दिशेने गेलेले. सुरी त्यांना आडवी घालायची, म्हणजे धागा तोंडात लांब राहत नाही. वरचा पांढरा पापुद्रा सोलून काढायचा, नाहीतर आचेवर तो आखडतो आणि तुकडा वाटीसारखा वळतो. पपई सालीसकट वाटायची, कारण चीक सालीखालीच असतो. त्यात आलं, लसूण, हिरवी मिरची, हळद, घरचा मसाला आणि थोडं दही. सकाळी नाष्ट्याची भांडी झाली की लावायचं आणि ऊन कललं की भाजायला घ्यायचं. कोळसा लाल असताना घाई करायची नाही. त्यावर राखेची पांढरी साय धरली की मग जाळी ठेवायची. तेल जपून, कारण ठिबकलं की जाळ उठतो, मग बाहेर काळं आणि आत कच्चं.

जाळीवरून उतरलेला पहिला तुकडा माझा. तशी पद्धतच पडून गेली होती. वहिनी खात नाहीत, हातही लावत नाहीत. त्या नाकाला पदर लावून शेडच्या बाहेर उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, “खाऊन बघ गं. झालं का मऊ?” मी खाऊन मान हलवली की ताटं भरायची. मी मान हलवल्याशिवाय त्या एक तुकडा बाहेर जाऊ देत नसत.

मार्गशीर्षात माझी पाळी चुकली.

आधी दोनदा मला दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळेला तिसऱ्या महिन्याच्या आत सगळं संपलं होतं. पहिल्या वेळी मी एका हळदीला गेले होते. तिथे कुणीतरी ओळखलं आणि बायकांनी चेष्टा करून माझ्या पोटाला हळद लावली. आठवड्याभरात पोट पडलं. दुसऱ्या वेळी कुणाला काही कळलंच नव्हतं, तरीही गेलं. तेव्हा सासूने कारण शोधून काढलं की मी दिवेलागणीला खाडीवरून चालत आले होते. सासू वाईट नाही. तिला कारण लागतं. कारण सापडलं की पुढच्या वेळी त्या वाटेने जायचं नाही एवढं तरी माणसाच्या हातात राहतं.

या वेळी तिने मला चुलीपुढे बसवलं. नवरा बोटीवर होता, घरात आम्ही दोघीच, तरी ती कुजबुजत होती.

“तीन म्हयनं भरू देत. तवर कुनाला बोलायचं न्हाय. तुझ्या आयशीला पन न्हाय.”

“व्हय,” मी म्हटलं.

“आनि पपयला शिवायचं न्हाय. अननस न्हाय, तीळ न्हाय. पन पपय तर बघायची पन न्हाय. कच्च्या पपयच्या चिकानं काय व्हतं ठाव हाय ना?”

मला चांगलं ठाऊक होतं. मी पातेल्याचं झाकण उघडून बघितलं होतं.

मी तिथे पपई वाटते हे सासूला माहीत नव्हतं. तिला वाटायचं मी अजून पापलेटंच भाजते. मी तिला सांगितलं नाही, कारण तिने मला त्याच दिवशी काम सोडायला लावलं असतं. आणि काम सोडलं असतं तर वहिनींनी कारण विचारलं असतं. वहिनींना कारण कळलं म्हणजे संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळलं. मनाने त्या मोठ्या आहेत, पण तोंड राखणं त्यांना जमत नाही. वहिनींना सांगावं तर बोलल्याची भीती. न सांगावं तर पपईची. मी दोन्हीच्या मध्ये उभी होते, आणि पोटातलं जे काही होतं ते माझ्या मध्ये.

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला आठवलं की गेल्या शनिवारीही मी पहिला तुकडा खाल्ला होता. त्याच्या आधीच्या शनिवारीही.

पुढच्या शनिवारी मी हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून पपई वाटली. पिशवी फाटली. चीक बोटांच्या बेचक्यात गेला आणि तिथे खाज सुटली. मी राखेने हात घासले, चिंचेने घासले, खाज गेली तरी घासत राहिले. संध्याकाळी तुकडा तोंडात घेतला, गालात धरला, मान हलवली आणि केळीच्या मागे जाऊन थुंकला. वहिनींचा कुत्रा तिथे बसलेलाच होता.

वहिनींनी पाहिलं.

“थुंकलीस का गं?”

“तोंड भाजलं.”

मी ताटं उचलली तेव्हा त्यांनी एकदा वळून पातेल्याकडे बघितलं.

त्याच्या पुढच्या शनिवारी मी पपई घातलीच नाही. मटण पातळ कापलं, वरवंट्याने ठेचलं, दही वाढवलं, आगळ घातलं. आगळ म्हणजे आमच्याकडचा कोकमाचा आंबट रस. आंबटाने मटण वरून मऊ होतं, आत पोचत नाही. त्यात ती बकरी फारच जून होती. पाहुण्यांनी अर्धं ताटात ठेवलं. एका मुलीने फोनवर काहीतरी लिहिलं आणि ते वहिनींना त्यांच्या फोनवर दिसलं. वहिनी शेडमध्ये आल्या. कोपऱ्यातल्या टोपलीत मी सकाळी काढलेल्या पपया तशाच होत्या.

“ह्या इथे कशा?”

मी जाळी खरवडत राहिले.

“मी विचारतेय काहीतरी. पपई का नाही वाटलीस? घरी न्यायच्या होत्या का? मग माग ना बाई, मी नाही म्हणते का कधी?”

“न्हाय वयनी. विसरले.”

“विसरलीस.” त्यांनी एक पपई उचलून परत ठेवली. “थुंकतेस काय, विसरतेस काय. तुझं चाललंय तरी काय? दुसरीकडे कुठे काम धरलंयस का? तसं असेल तर सरळ सांग.”

मी मान हलवली. ती मान नाही म्हणून हलवली की हो म्हणून, हे त्यांना कळलं नसेल. माझं मलाही नीट कळलं नाही. घरी जाताना वारा पडला होता. समुद्राचा आवाज येत नव्हता आणि सुरूच्या झाडांतून कुणीतरी मागून येतंय असं सारखं वाटत होतं. मी दिवेलागणीच्या आत घर गाठण्यासाठी जवळजवळ पळत होते. मग पळू नये हे आठवलं आणि थांबले. मग थांबू नये असंही वाटलं.

तिसरा महिना भरत आला होता. अजून थोडेच दिवस, मग मी वहिनींना सांगणार होते. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते.

त्या शनिवारी मुंबईहून मोठं कुटुंब आलं. घरातल्या म्हाताऱ्या वडिलांचा वाढदिवस होता. त्यांची कवळी होती, म्हणून त्यांच्या बायकोने वहिनींना तीन-तीनदा बजावलं होतं, “मटण मऊ पाहिजे हं, नाहीतर ह्यांना नुसतं बघत बसावं लागतं.” वहिनींनी माझ्यावर काही सोडलं नाही. सकाळी मी शेडमध्ये पोचले तेव्हा त्यांनी घरातल्या मिक्सरवर पपई वाटून वाडग्यात आणून ठेवली होती. त्या मटणाला शिवत नाहीत, म्हणून लावायचं मलाच होतं. मी लाकडी पळीने लावलं. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या.

“हाताने चोळ की. पळीने काय होतंय?”

मी हाताने चोळलं.

ऊन कललं. समुद्राच्या बाजूने आभाळ तांबूस झालं आणि पाहुण्यांना गंमत बघायची म्हणून त्यांनी शेगडी शेडमधून बाहेर, माडाखाली घ्यायला लावली. खुर्च्या मांडल्या. म्हातारे मधोमध, गळ्यात झेंडूचा हार. त्यांचा मुलगा उंच, धिप्पाड, सारखा शेगडीशी येऊन वाकून बघायचा. त्याचा स्वभाव चेष्टेचा होता. “मावशी, आमच्या बाबांचे दात तुमच्या हातात आहेत.” सगळे हसले. “खरंच सांगतो, कवळी तुटली तर नवी तुम्ही द्यायची.”

निखाऱ्यांवर राखेची साय धरली. मी जाळी ठेवली. पपई लावलेलं मटण लवकर रंग घेतं, त्याला मिनिटभरही विसरून चालत नाही. मी तुकडे उलटले, पहिला उतरवला आणि ताटलीत ठेवला. बोटाने दाबून बघितला. झाला होता. चांगला झाला होता.

“खाऊन बघ गं,” वहिनी म्हणाल्या. त्या नेहमीच्या जागी नव्हत्या. अगदी माझ्या बाजूला होत्या.

“झालंय वयनी. बोटाला कळतं.”

“बोटाला? खाऊन बघ.”

मी तुकडा उचलला. तोंडाशी नेला. वास चांगला होता. आजूबाजूला केळ नव्हती, कुत्रा नव्हता, सगळीकडून माणसं होती. मी तो परत ताटलीत ठेवला.

“मला नको.”

“थांबा, थांबा,” मुलगा म्हणाला. “ज्यांनी केलं त्याच खात नाहीत? विष-बिष नाही ना घातलंत, मावशी?”

सगळे पुन्हा हसले. माझ्याने हसवेना. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि बघता बघता त्याचं हसू कमी होत गेलं.

“नाही, खरंच. का खात नाही तुम्ही?”

मी खाली निखाऱ्यांकडे बघत राहिले. जाळीवरचे बाकीचे तुकडे जळायला लागले होते.

तो वहिनींकडे वळला. “तुम्ही खाता का हे?”

“आमच्यात नाही चालत. पहिला तुकडा नेहमी हीच खाऊन बघते.”

“म्हणजे तुम्ही खात नाही. ह्या एरवी खातात, पण आज खात नाहीत. मग हे मटण आहे कसलं?”

“असं काय बोलता? बोकडाचं आहे. आम्ही नेहमी एकाच माणसाकडून आणतो.”

“कुणाकडून?”

वहिनींनी चाचाचं नाव सांगितलं. नाव ऐकून तो बोलायचा थांबला. आधीच्या बोलण्यापेक्षा मला त्या थांबण्याची जास्त भीती वाटली. त्याने खिशातून फोन काढला. जाळीचा फोटो घेतला, पातेल्याचा घेतला. मग खाली वाकून माझ्या हातांचा घेतला.

“कुणी काही खाऊ नका,” तो मागे न बघता म्हणाला. “माझी ओळखीची पोरं आहेत इकडे. बोलावतो. तीच जाऊन विचारतील त्याला.”

“अरे, राहू दे ना,” त्याची आई म्हणाली. पण तिनेही हातातली ताटली खाली ठेवली होती.

वहिनींचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझा दंड धरला. “अगं बोल ना काहीतरी! काय आहे त्यात? तू घातलंस काय?”

मला चाचाचं दुकान दिसत होतं. पत्र्याचा दरवाजा, त्यावर टांगलेली किल्ली, आणि ग्राहक गेल्यावर पाण्याने ओटा धुणारा म्हातारा. कुठलाही तुकडा देताना त्याचा दोष आधी सांगणारा. मला त्याच्याकडे जाणारी ती पोरं दिसत होती. ती मला माहीत नव्हती, तरी दिसत होती. आणि या सगळ्याच्या खाली, ओटीपोटात, एक बारीक ओढ लागली होती.

“त्यात पपय हाय,” मी म्हटलं.

“काय?”

“कच्ची पपय हाय. मऊ व्हायला. मला चालत न्हाय.” माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटत होता. “मला दिवस हायत.”

एवढ्या माणसांसमोर मी जन्मात बोलले नव्हते. पहिल्यांदा बोलले ते हे.

मग त्या म्हाताऱ्या बाई खुर्चीतून उठल्या. “अगं बाई! मग आधी नाही का सांगायचं? आणि तू रे, ठेव तो फोन. पोटुशी बाई ती, तिला काय दरडावतोस?” त्यांनी माझ्या ताटलीतला तुकडा उचलला, फुंकला आणि नवऱ्याच्या तोंडात घातला. म्हातारे डोळे मिटून चावत राहिले. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

“मऊ आहे रे,” ते म्हणाले. “मटणच आहे. मी तुझ्यापेक्षा जास्त खाल्लंय.”

मग ते सगळे हसले, आणि हसण्याच्या भरात टाळ्या वाजवायला लागले. मला अभिनंदन म्हणाले. एक बाई म्हणाली, “मुलगाच होणार बघा, चेहऱ्यावर दिसतंय.” दुसरी म्हणाली, “नाही हो, मुलगी. किती तेज आहे!” आणि तो उंच मुलगा, ज्याने आत्ताच माझ्या हातांचा फोटो घेतला होता, तो फोन पुन्हा वर करून म्हणाला, “सॉरी हां मावशी. एक मिनिट, इकडे बघा. आजच्या आनंदात तुमचाही आनंद.”

मी पदर ओढून पोटावर घेतला. पण सगळ्यांची नजर तिथेच होती. हळदीला निदान माझ्या ओळखीच्या बायका होत्या.

वहिनींनी मला शेडमध्ये नेऊन बसवलं. पाणी दिलं. त्या रडवेल्या झाल्या होत्या. “मला का नाही सांगितलंस? मी काय राक्षसीण आहे? मी तुला त्यात हात घालायला लावला असता का?” मी नाही म्हणून मान हलवली. “कितवा?” त्यांनी विचारलं. मी तेवढं सांगितलं नाही. त्यांनी गावातली रिक्षा बोलावून मला घरी पाठवलं.

रिक्षा कोळीवाड्यात पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. वहिनींनी प्रेमाने शेजारणीच्या फोनवर फोन केला होता, की हिला जपा म्हणून. सासू दारातच उभी होती. तिने मला उंबऱ्याबाहेर थांबवलं. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या माझ्यावरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका यायला हवा होता, तो आला नाही. दृष्ट मोठी असली की ठसका येत नाही म्हणतात. ती चुलीकडे बघतच राहिली.

“किती जनांनी बघितलं?”

“सगल्यांनी.”

“आनि पपय?”

मी माझे हात पुढे केले. तिने ते धरले नाहीत. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सकाळी लुगड्यावर डाग होता. रुपयाएवढा, तपकिरी.

आम्ही पहिल्या एसटीने श्रीवर्धनला गेलो. खड्डा आला की सासू माझ्या मांडीवर हात दाबून धरायची, जसं काही ती एसटी थांबवते आहे. डॉक्टरीणबाईंकडे गर्दी होती. मला आत घेतलं, झोपवलं, पोटावर गार काहीतरी लावलं आणि मशीन फिरवलं. पडद्यावर मला काही कळत नव्हतं. काळ्यात राखाडी, वाऱ्याने हलल्यासारखं. बाई काही बोलत नव्हत्या. मशीन एका जागी थांबवायच्या, परत सरकवायच्या. याआधी दोन्ही वेळेला त्या अशाच गप्प होत्या.

मग त्यांनी कुठलंतरी बटण दाबलं आणि खोलीत आवाज झाला. फार घाईचा. पळत सुटल्यासारखा.

“ठोके आहेत,” त्या म्हणाल्या.

सासूला आत बोलावलं तेव्हा तिने आधी पपईचं विचारलं. हाताला चीक लागला तर काय, भाजलेला तुकडा खाल्ला असेल तर काय. बाई म्हणाल्या की हात लावून काही होत नाही, भाजलेल्या तुकड्याचंही घाबरू नका, कच्ची मात्र खाऊ नका. “मग डाग कशानं?” सासूने विचारलं. बाई म्हणाल्या, “नेहमी कारण सापडतंच असं नाही, आजी. झोपून राहू दे तिला. पुन्हा लागलं तर लगेच या.” आणि पुढच्या बाईला हाक मारली.

सासूला ते आवडलं नाही. कारण नसलेली गोष्ट तिला नको असते. एसटी स्टँडवर आम्ही गाडीची वाट बघत होतो. बाकावर शेजारी कुणीतरी ओळखीची बाई येऊन बसली आणि विचारू लागली, डॉक्टरकडे कशाला गेला होतात. सासू म्हणाली, “माझं गुडघं.” आणि माझा पदर ओढून नीट केला.

आता वैशाख संपत आलाय. डाग आणखी दोनदा दिसला आणि थांबला. मी वहिनींकडे जात नाही. त्यांनी आळीतली दुसरी बाई ठेवली आहे. एकदा त्या मला बघायला आल्या होत्या, ओट्यावरच बसल्या. सांगत होत्या की चाचा विचारतो, ती न बोलणारी बाय कुठे गेली. त्याच्याकडे त्या पोरांतलं कुणीही गेलं नाही. सासूने त्यांना चहा दिला, पण मला बाहेर येऊ दिलं नाही. मी दाराआडून ऐकत होते.

शनिवारी वारा त्या बाजूचा असला की धूर इकडे येतो. नुसत्या वासावरून मला सांगता येतं की तेल जास्त झालंय, की कोळसा अजून लाल असतानाच जाळी ठेवली आहे. मग मी खिडकी लावून घेते आणि आत येऊन पडते. हे लिहिते तेही पडल्या पडल्याच, सासू मासळी वाळत घालायला गेली की.

पोट आता झाकून झाकलं जात नाही. येणारी-जाणारी बघते आणि काहीबाही बोलून जाते. घरात अजून पाळणा आणलेला नाही, एक टोपडंसुद्धा शिवलेलं नाही. नवरा बोटीवरून फोन करतो तेव्हा तोही फक्त जेवलीस का, एवढंच विचारतो.

सकाळी उठले की मी आधी हलत नाही. उताणी पडून वाट बघते. कधी लगेच कळतं, कधी फार वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात बाहेर कावळे ओरडतात, होड्यांची इंजिनं सुरू होतात, शेजारी कुणीतरी नळावर भांडतं आणि मला काहीही ऐकू येत नाही. मग आतून एक बारीक टोला बसतो.

सासू चुलीपुढून माझ्याकडे बघते. ती विचारत नाही. मी नुसती मान हलवते, आणि ती पुन्हा चुलीत फुंकर घालायला लागते.